खंड पडू नये म्हणून

माझे सासरे वारल्याची खबर मला लातूरच्या हॉस्पिटलात, शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर मिळाली. आत माझा नवरा मशीनखाली झोपलेला होता. फोनवर सासूबाई होत्या. त्या रडत नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"अयोध्या, तुपले मामा गेले," त्या म्हणाल्या. "पहाटं, झोपीतच. आग्नी धाकटा, लखन देईल. थोरल्याला सांगू नको."

"आत्या, थोरले हायेत ते. आसं कसं..."

"एक गेला. दुसरा मसणात न्यायचा न्हाई मला. त्याचा शेक पुरा होऊ दे. तवर तोंडातून चकार शब्द काढू नको. तुला मही आन हाय."

फोन बंद झाला. दारावरचा लाल दिवा अजून लागलेला होता, म्हणजे आत किरणं चालू होती. तो विझायच्या आत मला तोंड धुऊन, पदर नीट करून रोजच्यासारखं बसायचं होतं. माझ्याकडं फार तर पाच मिनिटं होती.

आमच्या इस्लापूरकडं बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. चोवीस वर्षं मी ते घेतलं नव्हतं; उखाण्यात घेतलं तेही ओढूनताणून. पण हॉस्पिटलात प्रत्येक खिडकीवर "पेशंटचं नाव?" म्हणून विचारतात आणि तिथं लाजून चालत नाही. साहेबराव. आता घेऊन घेऊन जीभ सरावली आहे, तर तेच म्हणते.

साहेबरावांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. वीस वर्षं तंबाखू-चुन्याची गोळी त्याच बाजूला असायची. मी अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करते, पापण्या उलट्या करून रक्त बघते, आणि घरातल्या माणसाचं तोंड मात्र कधी उघडून बघितलं नाही. ह्या गोष्टीचा मला अजून स्वतःचा राग येतो. नांदेडला तुकडा काढून तपासला आणि तिथल्या डॉक्टरांनी लातूरला धाडलं. तिथं सगळ्यांच्या तोंडी किरणांना एकच शब्द, शेक. तेहतीस शेक, आठवड्यातून सहा, रविवारी सुट्टी.

तिथंच एक अभ्यास चालू होता. आठवड्यात सहा शेक आपल्याकडच्या माणसांना झेपतात का, आणि माणसं मधेच घरी का निघून जातात, हे त्यात बघायचं होतं. तो सांभाळणारी उज्वलाताई उदगीरकडची. बोलायला गोड, पण प्रश्न विचारायला लागली की तलाठी परवडला. कुठलं गाव, सोबत कोण, शेत कुणाकडं टाकून आलात, घरात म्हातारं कोण, लग्न कुणाचं ठरलंय. मी म्हटलं, "ताई, तुम्ही गाठ बघताय का आमची सोयरीक बघताय?" ती हसली आणि तिनं पहिल्या दिवशीच आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं.

"गाठीच्या पेशी रोज मार खातात, काका. मधे मोकळे दिवस मिळाले की मार खाऊन उरलेल्या उठून बसतात आणि आधीपेक्षा जोरानं वाढायला लागतात. तो गेलेला दिवस मग नंतर जास्तीचे शेक देऊन भरून निघेलच असं नाही. म्हणून खंड पडू द्यायचा नाही."

"पाडतं कोण मुद्दाम?" साहेबराव म्हणाले. तेव्हा त्यांना नीट बोलता येत होतं.

तिनं वही उघडली. कुणी पोळ्याला गेलं होतं, कुणी सोयाबीनच्या काढणीला, कुणी मेहुणीच्या लग्नाला. "आणि सगळ्यात जास्त मयतीला," ती म्हणाली. "मयतीला गेलेलं माणूस दहाव्याशिवाय हलत नाही. मग म्हणतात आता तेरावं करूनच जा. डोकं-मिशा काढून येतात, तर तोंडावरचा साचा ढिला बसतो. परत नवा साचा, परत सगळी मापं. आणि काही जण तर येतच नाहीत."

साचा म्हणजे प्लास्टिकची जाळी. गरम पाण्यात मऊ करून ती साहेबरावांच्या तोंडावर, मानेवर दाबून बसवली, आणि थंड झाल्यावर हुबेहूब त्यांचं तोंड झाली. रोज ती तोंडावर चढवून टेबलाला खटाखट अडकवायची, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. शेक देणारा सत्यम नावाचा पोरगा होता, अहमदपूरकडचा. तो पहिल्या दिवशी म्हणाला, "काका, काही झालं तर हात वर करा, मी मशीन थांबवतो." साहेबरावांनी त्या दिवशी तीन वेळा हात वर केला.

दहाव्या शेकापर्यंत तोंडात फोड आले. पाणी गिळलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. बाराव्या शेकाच्या दिवशी साहेबराव आमच्या भाड्याच्या खोलीवरून गायब झाले. मी हॉस्पिटल पालथं घातलं आणि शेवटी बसस्टँडवर, नांदेडच्या गाडीत खिडकीशी सापडले.

"आबाला बघून येतो," ते म्हणाले. आबा म्हणजे माझे सासरे. "दोनच दिवस."

मी गाडीच्या दारात उभी राहिले आणि अशी बोंब ठोकली की कंडक्टरनंच त्यांना हात धरून खाली उतरवलं. शेक अर्धा तास उशिरा झाला, पण झाला. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस निमित्त शोधतोय. आणि तीनच शेकांनंतर, पंधराव्याला, सासूबाईंचा तो फोन आला. आता त्यांना निमित्ताची गरजच नव्हती. बाप वारला होता.

लाल दिवा विझला. साहेबराव बाहेर आले. गालांवर, कपाळावर जाळीचे चौकोन उठलेले.

"काय झालं?" त्यांनी भुवई उडवून विचारलं.

"काय न्हाई. आत्याचा फोन. कांडपाचा मसाला सरला म्हणल्या." सासरे तिरडीवर होते आणि माझ्या तोंडातून मसाला निघाला. दुसरं काही सुचलंच नाही.

सत्यमनं कार्डावर पंधराव्या घरात सही केली. साहेबराव माझ्यापुढं चालायला लागले. मी त्यांची पाठ बघत मागून निघाले. त्यांचा बाप जात होता आणि मी त्यांना खोलीवर पातळ खीर प्यायला घेऊन चालले होते.

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, ते सांभाळायला लागते. पहिलीच अडचण दिव्याची झाली. आम्ही हॉस्पिटलमागं एका बाईची खोली धरली होती. तिथं कोनाड्यात मी रोज सांजेला दिवा लावायची. सुतकात दिवा लावायचा कसा? मी लावला नाही. साहेबरावांनी कोनाड्याकडं बोट केलं.

"मी बाहेरची हाय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि स्वतः उठून लावायला लागले. आता आली का पंचाईत! ते तर थोरला मुलगा, त्यांना तर माझ्यापेक्षा कडक सुतक. मी म्हटलं, "तुमच्या हाताला औषधं लागलेली असत्यात, राहू द्या." ते बसले. पण ही थाप चार दिवस पुरते आणि सुतक दहा दिवसांचं. पाचव्या दिवशी, शनिवारी, त्यांनी परत कोनाड्याकडं बघितलं. मी अंघोळ करून आले आणि सुतकातच दिवा लावला. काडी तीनदा विझली. मी देवाला म्हटलं, हे पाप माझ्या खात्यावर टाक, त्यांच्या नको. साहेबराव मागं हात जोडून उभे होते आणि आबासाठीसुद्धा मागत असतील, कारण ते रोज मागायचे.

दुसरी अडचण फोनची. आबांना, म्हणजे ग्यानोबांना, कमी ऐकायला यायचं. रोज सात वाजता साहेबराव फोन लावायचे आणि आबा पलीकडून गल्ली ऐकेल असे ओरडायचे, "जेवला का रे?" साहेबरावांनी "हं" म्हणायचं, बाकीचं मी बोलायचं. एवढाच फोन. पण तो झाल्याशिवाय साहेबराव आडवे व्हायचे नाहीत.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, आबा लवकर झोपले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, रेंज नाही. आमच्याकडं रेंज नसणं ही लई मोठी सोय आहे. तिसऱ्या दिवशी साहेबरावांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच लावला. दोन-तीन घंट्या झाल्या आणि फोन उचलला गेला.

पलीकडून खोकला आला. दोन बारीक, एक लांब, आणि शेवटी "रामा". हुबेहूब आबांचा. एक क्षण मला खरंच वाटलं की सासूबाईंचं काहीतरी चुकलं, आबा आहेत.

मग माझ्या धाकट्या दिराचा आवाज आला, लखनभाऊजींचा. "भाऊ, आबाला खोकला लई झालाय. आज बोलणं व्हत न्हाई. तुमी जेवलाव का, इचारून राहिले."

"हं," साहेबराव म्हणाले. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी हसले. पाटीवर लिहून दाखवलं, 'म्हातारा बिडी सोडत न्हाई.' बोलायला त्रास व्हायचा म्हणून मी त्यांना अंगणवाडीतली पाटी आणून दिली होती.

ते झोपल्यावर मी जिन्यात जाऊन भाऊजींना फोन केला. ते गोठ्यात बसून रडत होते. त्यांनीच बापाला आग्नी दिला होता, त्याच दिवशी सकाळी राख सावडली होती, आणि संध्याकाळी बापाचा खोकला काढून दाखवला होता.

"वहिनी, हे परत न्हाई व्हनार मह्याच्यानं," ते म्हणाले. "मला आबासारखं खोकू लावू नका."

"न्हाई लावत," मी म्हटलं. "पण भाऊजी, आता थोडकेच दिवस." मला स्वतःचीच किळस आली. दुसऱ्या दिवसापासून मी साहेबरावांच्या फोनचं कार्ड काढून ठेवलं आणि फोन बिघडला म्हणून सांगितलं. माझ्या फोनमधले पैसे संपले म्हणून सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. आजारी माणूस सगळ्यावर विश्वास ठेवतो, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

सोमवारी, विसाव्या शेकाला, उज्वलाताईनं मला बाजूला घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालेलं, तिनं नुसतं "घरी सगळं ठीक ना?" विचारलं आणि माझा बांध फुटला. मी तिला सगळं सांगून टाकलं.

"मी तुम्हाला लपवा म्हणू शकत नाही, ताई," ती म्हणाली. "ते त्यांचे वडील आहेत. आणि सांगा म्हणायचीही मला भीती वाटते. माझ्या वहीत तुमच्यासारखे लई आहेत."

"ते काय झाले, तेवढं सांगा."

तिनं वही मिटली. मला उत्तर मिळालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत होती. रोज सकाळी उठले की पहिल्यांदा त्यांच्या चपला दाराशी आहेत का ते बघायची. कुणी आमच्याकडची टोपी घातलेला पाहुणा जिन्यात दिसला की आमच्या गावचा तर नाही ना, म्हणून वाट अडवून उभी राहायची. रात्री त्यांचा श्वास मोजत पडायची. मला सगळ्याची भीती वाटत होती, गाठीची, फोनची, मेलेल्या सासऱ्याची, आणि ज्या दिवशी हे उघडं पडेल त्या दिवशी माझा नवरा माझ्याकडं कसा बघेल त्याची.

गुरुवारी दहावा होता आणि त्याच दिवशी तेविसावा शेक. अकरा वाजता साहेबराव आत गेले. लाल दिवा लागला. आणि माझा फोन वाजला.

"वहिनी," लखनभाऊजी नदीवरून बोलत होते. मागं पैनगंगेचा आवाज, माणसांचा गलका. "दीड घंटा झाला. कावळा शिवून न्हाई राहिला."

"किती हायेत?"

"बाभळीवर धा-बारा बसलेत. खाली येतेत, पिंडाला चक्कर मारतेत आन उडून जातेत. सगळं बोलून झालं. आईला सांभाळतो म्हणलं, भाऊचा वाटा राखतो म्हणलं. बिडीबी ठेवली. काय बी शिवंना."

मग फोनवर सासूबाई आल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा त्या रडत होत्या.

"अयोध्या, सांग त्याला. मही आन मी माघारी घेते. त्यांचा जीव थोरल्यात अडकलाय. सगळे तेच म्हणून राहिले. त्याला फोन दे. त्याला म्हणावं ये, सांजच्या गाडीनं ये. मी पिंड हलवू देत न्हाई तवर."

"न्हाई आत्या."

चोवीस वर्षांत मी सासूबाईंना नाही म्हटलेलं नव्हतं. मनातल्या मनात खूपदा म्हटलं होतं, तोंडानं कधी नाही.

"अगं, उपाशी जातील ते!"

"ते आले तर परत येणार न्हाईत आत्या. त्यांना म्या एकदा गाडीतून उतरवलंय. आता गावात आले तर तुमी, मी, कुणीच त्यांना माघारी धाडू शकनार न्हाई. तुमीच म्हणलाव ना, दुसरा न्यायचा न्हाई?" "फोन पिंडाजवळ धरा. मी बोलते मामाला."

पलीकडं कुजबुज झाली. मग वाऱ्याचा घोंघाव मोठा झाला. भाऊजींनी फोन पिंडाशी धरला होता. मी बाकावर भिंतीकडं तोंड करून बसले आणि पदरात तोंड घालून हळू बोलायला लागले.

"मोठ्यानं वहिनी!" भाऊजी ओरडले. "वारं हाय, काय बी ऐकू येत न्हाई!"

आबांना तसंही कमी ऐकू यायचं. मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले. बाकावरची सगळी माणसं माझ्याकडं वळली असतील, मी बघितलं नाही.

"मामा, मी अयोध्या बोलून राहिले, लातूरहून. तुमच्या पोराला तुमी गेल्याचं म्हाईत न्हाई. म्याच सांगितलं न्हाई. दहा दिवस झाले, मी त्यांच्याशी खोटं बोलायले. सुतकात दिवा लावला. राग धरायचा तर मह्यावर धरा, त्यांच्यावर नगा. त्यांचे आजून दहा शेक हायेत. ते झाले की मी त्यांना घेऊन येते, तुमचं सगळं त्यांच्या हातानं करते. मला लई भ्या वाटायलंय मामा. तुमी तर गेलाव. त्यांना बी तुमी नेलं तर मी कुठं हुडकू? शिवा ना मामा. पाया पडते तुमच्या, शिवा."

वारा घोंघावत राहिला. कुणीतरी "आला, आला" म्हटलं. मी डोळे मिटून घेतले.

"न्हाई वहिनी," लखनभाऊजी म्हणाले. "परत बाभळीवर जाऊन बसला."

मी डोळे उघडले आणि वळले. दारावरचा लाल दिवा विझलेला होता. बेसिनपाशी साहेबराव उभे होते, शर्टाची बटणं उघडी, गालांवर जाळीचे चौकोन. सत्यम त्यांच्या दंडाला धरून उभा होता.

"काकांच्या घशात बेडका अडकला," सत्यम मला म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "त्यांनी हात वर केला, म्हणून अर्ध्यातच थांबवून थुंकायला बाहेर आणलं."

साहेबरावांनी काय काय ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. ते माझ्याकडं बघत होते. मला वाटलं ते ओरडतील, किंवा मारतील; आयुष्यात कधी हात उचलला नव्हता, पण आज उचलला असता तर मी तोंड पुढं केलं असतं. आणि मला वाटलं, आता हे चालायला लागतील, आणि ह्या वेळी बसस्टँडवर उभं राहून बोंब ठोकायचा मला काही हक्क उरला नाही. नंतर लक्षात आलं की मी त्यांच्या शर्टाचा कोपरा मुठीत घट्ट धरलेला होता.

त्यांनी माझ्या दुसऱ्या हातातला फोन घेतला.

"आई," ते म्हणाले. आठ दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला नीट शब्द. तो काढताना त्यांच्या कपाळाची शीर फुगली.

पलीकडून सासूबाईंचा हंबरडा आला. "ये रे बाबा! येकदा ये. नुसता हात लाव पिंडाला आन जा. तुपल्यावर जीव व्हता रे त्यांचा. ये!"

उज्वलाताई तिच्या खोलीतून बाहेर आली होती. साहेबरावांनी तिच्याकडं बघितलं.

"गेलो तर?" एवढंच विचारलं.

उज्वलाताईचे डोळे भरले होते. "गेलात तर मी तुम्हाला अडवणार नाही, काका. पण गेलेले दिवस मला परत देता येणार नाहीत."

साहेबराव भिंतीला टेकले. फोनमधून नदी, वारा आणि माणसं सगळी एकदम ऐकू येत होती. कुणी म्हातारा म्हणत होता, थोरल्याला म्हणावं निघ लगेच, आमी थांबतो. साहेबरावांनी घोट गिळायचा प्रयत्न केला, तो गिळता आला नाही, मग तोंडातलं सगळं बेसिनमध्ये थुंकून त्यांनी फोन तोंडाशी धरला.

"लखन. दर्भाचा कावळा कर."

आमच्याकडं कावळा शिवलाच नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. विधी होतो, पण गावात कुणी तो विसरत नाही. गेलेलं माणूस असमाधानी गेलं, असं पुढं लग्नकार्यात, बांधावरच्या भांडणात, लेकरांच्या आजारपणात दर वेळी निघतं. आणि तसा कावळा करायला थोरल्या मुलानं सांगावं, हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"भाऊ, लोक काय..." लखनभाऊजी म्हणाले.

"कर म्हणलं ना." मग थोडं थांबून, "आबाला म्हणावं, जेवलो."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. माझ्याकडं बघितलं नाही. माझी मूठ त्यांच्या शर्टावरून त्यांनी एक एक बोट सोडवून काढली आणि सत्यमला म्हणाले, "चल."

दार उघडं होतं, म्हणून मला आतलं दिसलं. ते टेबलावर बसले. सत्यम साचा हातात घेऊन उभा राहिला आणि लावेना.

"काका, आधी रडून घ्या," तो म्हणाला. "हा लावल्यावर नाक भरलं तर श्वास कोंडतो. आणि हुंदका आला तर मान हलते, किरणं भलतीकडं जातात. मी थांबतो. कितीही वेळ थांबतो."

साहेबरावांनी मान हलवली. "नंतर," ते म्हणाले, आणि आडवे झाले.

साचा बसला. खटके एकापाठोपाठ एक लागले. सत्यम बाहेर आला, दार बंद झालं, लाल दिवा लागला. पेशंटच्या माणसाला आतलं दाखवणाऱ्या पडद्याजवळ जाऊ देत नाहीत, पण त्या दिवशी त्यानं मला काही न बोलता हातानं बोलावलं. मी त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले. पडद्यावर साहेबराव दिसत होते. मशीन त्यांच्याभोवती हळूहळू फिरत होतं.

"रोज थोडे तरी हलतात," सत्यम माझ्याकडं न बघता हळू म्हणाला. "आज बघा, काकू."

मी बघितलं. जाळीखाली डोळे मिटलेले होते आणि दोन्ही मुठी अंगाशी आवळलेल्या होत्या. बाकी कुठंच काही हलत नव्हतं.